मुलांची फिल्टरवाली पाण्याची बाटली: प्रवासाला आणि रोज शाळेला, घ्यावी का?

रेवाची_आई:
नमस्कार मंडळी, लेक पाच वर्षांची आहे, जूनमध्ये पहिलीत जाईल. त्याआधी मे महिन्यात आमचा गाडीने प्रवास आहे, आधी तारकर्ली आणि मग तिथून थेट सासरी दर्यापूरला. ऑनलाइन एक मुलांची बाटली सारखी दिसतेय, आत स्ट्रॉला फिल्टर लावलेला, वर युनिकॉर्न बिनिकॉर्न, आणि खाली लिहिलंय ९९.९ टक्के जंतू गायब, कुठलंही पाणी भरा आणि प्या. किंमत दीड-दोन हजाराच्या घरात आणि कार्ट्रिज वेगळं. नवरा म्हणतो एवढ्या पैशात बिसलेरीचे बॉक्सच्या बॉक्स येतील. पण मला दर वेळी प्लास्टिकच्या बाटल्या विकत घ्यायचा वैताग आलाय आणि जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोडला जीबीएसची (गियान-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) जी साथ आली तेव्हापासून पाण्याची जरा धास्तीच बसलीय, आम्ही त्याच बाजूला राहतो. तर खरंच कुठलंही पाणी भरून चालतं का? शाळेत रोज द्यायला पण हीच चालेल का? आणि एवढ्या लहान मुलीला ते ओढता येतं का? कुणी वापरली असेल तर प्लीज सांगा.

सह्यवाट:
ताई, पहिलं काम हे करा की त्या जाहिरातीत फिल्टर कसला आहे ते शोधा, युनिकॉर्न नंतर बघू :) मुलांच्या म्हणून विकतात त्या बऱ्याच बाटल्यांत नुसता कार्बन असतो, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बन, नारळाच्या करवंटीचा वगैरे बनवलेला कोळसा. त्याने क्लोरीनचा वास जातो, चव सुधारते, पण बॅक्टेरिया काही त्याने अडत नाहीत. दुसरा प्रकार मेंब्रेनचा, त्याला होलो फायबर म्हणतात, शेवयांसारख्या पोकळ नळ्यांचा जुडगा असतो आणि नळ्यांच्या भिंतींना ०.१ किंवा ०.२ मायक्रॉनची छिद्रं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). टायफॉइड, कॉलरा, ई कोलाय हे बॅक्टेरिया आणि जिआर्डियासारखे परजीवी त्यात अडकतात. आम्ही ट्रेकला हाच वापरतो, टाक्यातलं पाणी पण पितो त्यातून. वर्णनात मायक्रॉनचा आकडाच नसेल तर मी तरी सरळ कार्बन समजून पुढे जातो.

कोथरूडचा_काका:
हे सगळं मार्केटिंग आहे हो. आम्ही विहिरीचं, नदीचं, शेतातल्या पाटाचं पाणी पिऊन मोठे झालो, काही झालं नाही. मुलांना जरा माती खाऊ द्या, इम्युनिटी वाढते.

लॅबवाली:
काका, ज्यांना झालं ते इथे लिहायला नाहीत ना :) काविळीने, गॅस्ट्रोने आजारी पडलेली पोरं त्या काळीही होतीच की प्रत्येक गावात. असो.

मी पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काम करते म्हणून थोडं लांबण लावते, चालवून घ्या. सह्यवाट यांनी सांगितलं ते बरोबर आहे पण त्यात एक मोठी फट राहते ती व्हायरसची. कावीळ ज्याने होते तो हिपॅटायटिस ए चा व्हायरस साधारण ०.०३ मायक्रॉनचा, रोटाव्हायरस ०.०७ च्या आसपास, ते ०.१ किंवा ०.२ च्या छिद्रातून आरामात निघून जातात. ट्रेकला डोंगरावरच्या पाण्यात माणसाची घाण कमी असते म्हणून तिथे मेंब्रेनवर भागून जातं, पण आपल्याकडे शहरात, गावात, रस्त्यावरच्या हॉटेलात पाणी बिघडतं ते बहुतेक वेळा सांडपाणी मिसळून आणि तिथे व्हायरस हमखास असतात. पुण्यातल्या त्या साथीत सुद्धा रुग्णांच्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा बॅक्टेरिया सापडला होता आणि काहींत नोरोव्हायरस. यातला पहिला मेंब्रेनला अडेल, दुसरा नाही. त्यामुळे 'कुठलंही पाणी भरा' हे वाक्य जिथे दिसेल तिथे मी तरी ती बाटली घेणार नाही.

आता ते ९९.९ टक्के. ऐकायला भारी वाटतं पण जंतू मोजताना टक्के फसवतात. पाण्यात दहा लाख बॅक्टेरिया असतील तर ९९.९ टक्के गेल्यावरही एक हजार उरतात. ज्याला खरं प्युरिफायर म्हणायचं त्याची कसोटी बॅक्टेरियासाठी ९९.९९९९, व्हायरससाठी ९९.९९ आणि जिआर्डियासारख्यांसाठी ९९.९ अशी असते. म्हणजे जाहिरातीतला आकडा कशाबद्दल आहे ते वाचायचं. पाकिटावर एनएसएफ ४२ (एनएसएफ या अमेरिकन संस्थेचं ४२ नंबरचं मानक) एवढंच असेल तर ते फक्त चव, वास आणि क्लोरीनपुरतं आहे, जंतूंशी त्याचा संबंध नाही. पुष्कळ लोक नुसतं एनएसएफ वाचून खूश होतात.

आणि दर्यापूर म्हणालात म्हणून सांगते, तो सगळा खारपाणपट्टा आहे. बोअरचं खारट पाणी या बाटलीत घातलं तर पलीकडून खारटच येणार, क्षार, नायट्रेट, फ्लोराइड यातलं काही मेंब्रेन काढत नाही. पाण्यात विरघळलेल्या गोष्टींना आरओच लागतो. तिथे घरी नळाचं किंवा आरओचं जे पिण्याचं पाणी असेल तेच भरा.

रेवाची_आई:
बापरे, एवढं माहीतच नव्हतं. थँक्यू ताई. सासरी कॅन येतात आरओच्या, त्यामुळे तिथलं सुटलं. पण मग तारकर्लीला आणि वाटेत काय करायचं? होमस्टेवाल्यांची विहीर आहे म्हणे.

लॅबवाली:
होमस्टेवाल्या वहिनींना सांगून उकळून घ्या, हाच सगळ्यात खात्रीचा उपाय. खळखळून उकळी फुटली की एक मिनिट पुरे, वीस-वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. दोन हजार मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं, पण महाबळेश्वर सुद्धा त्याच्या खाली आहे म्हणजे महाराष्ट्रात तुम्हाला तो प्रश्न नाही. व्हायरस, बॅक्टेरिया, परजीवी सगळे जातात.

उकळणं शक्यच नसेल तिथे मेडिक्लोर किंवा जीवन ड्रॉप, म्हणजे क्लोरीनचे थेंब, मेडिकलमध्ये मिळतात, बाटलीवर लिहिलंय तेवढेच थेंब आणि अर्धा तास थांबायचं. पाणी गढूळ असेल तर आधी गाळून घ्या, गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातं. आणि गंमत म्हणजे इथे तुमच्या बाटलीचा खरा उपयोग होतो. क्लोरीन व्हायरस मारतं पण क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही परजीवी त्याला दाद देत नाहीत, ते मेंब्रेन अडवतं, आणि आत कार्बन पण असेल तर शेवटी औषधाचा वास निघून जातो, म्हणजे मूल कुरकुर न करता पितं. एकमेकांची उणीव भरून काढतात. फक्त थेंब टाकून अर्धा तास होईपर्यंत मुलीच्या हातात बाटली द्यायची नाही.

आनंदीआजी:
उकळून गार केलेलं पाणी तांब्याच्या कळशीत, ही आमची पद्धत. पण गाळण्याला कमी लेखू नका हं. आमच्या आईचं लुगडं जुनं झालं की त्याचं गाळणं व्हायचं, चार पदरी घडी करून. नातवाने दाखवलं मला, बांगलादेशात जुनी सुती साडी चार पदरी करून पाणी गाळायला लावलं तर कॉलरा जवळजवळ निम्म्याने कमी झाला, कारण म्हणे ते जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून असतात आणि किडे कापडात अडकतात. नवी साडी नको, तिचा धागा सैल झालेला नसतो. अर्थात आता उकळायची सोय असताना नुसतं गाळून नातीला पाजू नका.

रेवाला आईचं दूध सुटल्यावर पाणी कुठल्या भांड्यातून द्यायचात? फुलपात्र शिकवलंत तर बाटलीचे निम्मे प्रश्न मिटतात.

दोन_पोरांचा_बाप:
आजी एक नंबर :) पण कारमध्ये फुलपात्र म्हणजे सीट कव्हर धुवायचं काम.

मी मेंब्रेनवाली वापरलीय मोठ्यासाठी, तेव्हा तो साधारण रेवाएवढाच होता. खरा प्रॉब्लेम कुणी सांगत नाही तो ओढण्याचा. साध्या सिपरमधून घुटका येतो तेवढा यातून येत नाही, गाल आत जाईपर्यंत ओढावं लागतं, आणि फिल्टर कोरडा असेल किंवा आत हवा अडकली असेल तर थेंब पण येत नाही. पोरगं दोनदा ओढतं, कंटाळतं, बाटली बाजूला. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि मुलगा दिवसभर पाणीच पीत नाहीये हे आम्हाला संध्याकाळी शूचा रंग बघून कळायचं. जंतूंपेक्षा हे वाईट. त्यामुळे नेण्याआधी घरी नीट वापरायला लावा, फिल्टर आधी पाण्यात बुडवून ठेवा आणि पहिले काही घुटके तुम्ही स्वतः ओढून द्या, म्हणजे हवा निघते. आणि तरी ती पीत नसेल तर हट्ट सोडा, साध्या बाटलीत उकळलेलं पाणी द्या.

दुसरं म्हणजे धुणं. स्ट्रॉच्या टोकाचं सिलिकॉन असतं ना ते काढून उलटं करून बघा कधीतरी, आत काळी बुरशी बसलेली असते, बाहेरून बाटली एकदम चकाचक. मुलं स्ट्रॉ चावत बसतात, अर्धा पोळीचा घास तोंडात असताना ओढतात, ते सगळं मागे जातं. बारीक ब्रश लागतोच. फिल्टर गरम पाण्यात किंवा साबणात बुडवायचा नाही, बाकीचे पार्ट साबणाने रोज. आणि यात सरबत, ग्लुकोज, दूध, ओआरएस काही म्हणजे काही घालायचं नाही, साखर त्या नळ्यांत बसली की संपला फिल्टर. ओआरएससाठी वेगळी बाटली ठेवा सोबत.

हो, आणि कोकणातून घाट चढून परत येताना झाकण एकदा उघडून बंद करा. वर हवेचा दाब कमी होतो, बाटलीतली हवा फुगते आणि नळी उघडली की कारंजं. विमानात पण तसंच. पोरांना जाम मजा येते, आईला येत नाही.

श्टुटगार्टकर:
इथे जर्मनीत नळाचं पाणी थेट पितात, फक्त जड पाणी आहे, केटलमध्ये पांढरा थर बसतो. इथे मुलांच्या फिल्टर बाटल्या चवीसाठी घेतात आणि त्या बहुतेक कार्बनच्या. आमच्या ओळखीतल्या एकांनी सुट्टीला भारतात येताना तीच बाटली आणली, हॉटेलच्या नळाचं भरून मुलाला दिली आणि अर्धी सुट्टी मुलाच्या जुलाबात गेली. तेव्हा परदेशातून येणाऱ्यांनी पण पाकीट वाचा. आणि इंटरनॅशनल फ्लाइटला बाटली रिकामी करून सिक्युरिटीतून न्या, आत जाऊन भरा.

लॅबवाली:
हेच. कार्बनबद्दल अजून एक, तो क्लोरीन काढून टाकतो म्हणजे पाण्याचं राखणदारच काढून टाकतो. नळाच्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं अशी अपेक्षा असते ती त्यासाठीच. फिल्टर स्ट्रॉमध्ये असेल तर बाटलीतल्या पाण्यात क्लोरीन टिकतं, फक्त ओढताना जातं, ते बरं. पण ओला कार्बन शनिवार-रविवार दप्तरात तसाच पडला तर त्यातच जंतू वाढतात, सोमवारी पहिलं पाणी ओतून द्या. मेंब्रेन पण बरेच दिवस वापरायची नसेल तर पूर्ण वाळवून ठेवायची, आणि पाणी गार व्हावं म्हणून ती बाटली फ्रीझरमध्ये कधीच नाही, नळ्या गोठल्या की तडकतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

शाळेचं विचारलंत तर घरून आरओचं पाणी देणार असाल तर त्यात फिल्टर कशाला? साधी स्टीलची बाटली, रुंद तोंडाची, आत हात जाईल अशी.

सह्यवाट:
+१ स्टील. आणि एक, बाटलीत संशयाचं पाणी भरताना तोंडापाशी आणि झाकणावर जे थेंब उडतात ते फिल्टर झालेले नसतात, ते पुसल्याशिवाय मुलीला देऊ नका. बर्फाचं पण लक्षात ठेवा, बाटलीत सोन्यासारखं पाणी आणि हातात उसाचा रस बर्फ घालून, असं सगळेच करतात.

कोथरूडचा_काका:
उसाच्या रसाला नावं ठेवायची नाहीत हां. बिनबर्फाचा घ्या म्हणावं.

लॅबवाली:
काका, यावर आपलं एकमत :) रेवाची आई, टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए ची लस झालीय का ते एकदा तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या, सरकारी यादीत या नसतात म्हणून राहून जातात.

रेवाची_आई:
टायफॉइडची झालीय, हिपॅटायटिसची फाइल बघावी लागेल. तर असं ठरवलंय की शाळेला स्टीलची, प्रवासाला मेंब्रेन आणि कार्बन दोन्ही असलेली मिळाली तर बॅकअप म्हणून घेते, पण भरायचं उकळलेलंच. सोबत जीवन ड्रॉप. आधी घरी ओढून बघायला लावते, नाही जमलं तर परत करीन. युनिकॉर्नवाली कार्बनची निघाली, नीट शोधल्यावर अगदी खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. लेकीला अजून सांगितलेलं नाही.

दोन_पोरांचा_बाप:
युनिकॉर्नचं स्टिकर वीस रुपयांना मिळतं, स्टीलच्या बाटलीवर चिकटवा. आणि घेण्याआधी त्या मॉडेलचं कार्ट्रिज सुटं मिळतं का ते बघा. आमच्या बाटलीचं मिळेनासं झालं आणि आता ती बाटली बाल्कनीत मनीप्लांटला आहे.