शेवटचे दिवस : घरच्या माणसाजवळ बसताना काय काय कळलं? (अनुभव धागा)

सावली
नमस्कार मंडळी, मी नर्स आहे, पुण्याच्या आसपास घरोघरी जाऊन पॅलिएटिव्ह केअरचं काम करते. म्हणजे आजार बरा होणार नाही हे नक्की झालंय पण दुखणं, दम लागणं, झोप, भीती हे सगळं सांभाळायचं असतं, तिथे आम्ही जातो. बऱ्याच घरांत पेशंटला माहीत असतं, घरच्यांनाही माहीत असतं आणि दोघंही एकमेकांपासून लपवत बसतात. पहिलटकरणीला चार बायका सगळं सांगतात, पण मरण जवळ आलं की शरीरात काय होतं ते कुणीच सांगत नाही. तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? काय आधी कळायला हवं होतं? लिहा प्लीज. हॉस्पिटलची, डॉक्टरांची नावं नकोत.

डोंबिवलीकर
बाबांचा फुफ्फुसाचा कॅन्सर हाडांत गेला होता, कूस बदलली तरी ओरडायचे. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं तर काका म्हणे अरे अफू ती, व्यसन लागेल, आणि ती सुरू केली म्हणजे संपलंच. त्यात गोळ्या मिळेनात, २०१४ ला कायदा सोपा केला म्हणतात पण आमच्या इथले मेडिकलवाले ठेवतच नव्हते. जिथे मिळाल्या तिथल्या मॅडमनी मला अर्धा तास बसवून समजावलं, की दुखायची वाट बघायची नाही, घड्याळ लावून दर चार तासांनी द्यायची, सोबत पोट साफ व्हायचं औषध रोज कारण मॉर्फिनने हमखास कडक होतं, आणि डोस नीट असेल तर त्याने मरण लवकर येत नाही. बाबा त्या रात्री झोपले. मग खिडकीशी बसून पेपर वाचायला लागले, बँकेत नॉमिनी कोण, सोसायटीचे कागद कुठे, आईला गावी एकटीला ठेवू नकोस, सगळं बोलले. इतकं दुखत असताना माणूस बोलणार कसा हो?

कृष्णाकाठ
आमच्या आजीला आजार असा काही नव्हता, वय झालेलं. जेवण सुटलं. बघायला येणारा प्रत्येक जण सलाईन लावा, नळी घाला, म्हातारीला उपाशी ठेवताय व्हय म्हणायचा आणि आई रडकुंडीला यायची. शेवटी गावातल्या डॉक्टरांनी सगळ्यांना सोप्यात बसवून सांगितलं, ती खात नाही म्हणून मरत नाहीये, मरणाकडं चाललीय म्हणून खात नाहीये. बळंच भरवलं तर श्वासनलिकेत जाईल. ओल्या कापसानं तोंड पुसा, ओठाला तूप लावा, दर दोन तासानं कूस बदला. पुढचंही सांगितलं, हातपाय गार पडतील, गुडघ्यावर जांभळट चट्टे येतील, श्वास मधेच थांबेल आणि परत सुरू होईल, घशात घरघर वाजेल पण त्याचा त्रास ऐकणाऱ्याला जास्त होतो, तिला नाही, कुशीवर वळवा. सगळं तसंच झालं. कुणी गाडी काढा म्हणून ओरडलं नाही. आत्यानं ओठावर तुळशीचं पान ठेवलं, मी पाय चोळत होते.

लेस्टरहून
आई इथे इंग्लंडमध्ये माझ्याकडे होती. हॉस्पिसच्या (म्हणजे बरे न होणाऱ्या पेशंटना शेवटपर्यंत सांभाळणारी संस्था) नर्सने पहिल्याच भेटीत विचारलं, आईंना शेवटी कुठे राहायला आवडेल, घरी की आमच्याकडे? मी हादरलेच, आईला विचारणार कसं. तर आई म्हणाली, "घरीच. आणि तो मागून उघडा गाऊन मला घालू नका, माझी मऊ नऊवारी नेसव." तिचं ठरलेलं होतं, आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. १९६७ मध्ये सिसिली सॉन्डर्स बाईंनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं, त्या आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या, आणि दुखणं फक्त शरीराचं नसतं हे त्यांनी लावून धरलं. ते त्या नर्सच्या प्रत्येक प्रश्नात दिसायचं. भावासाठी शोधताना कळलं की वांद्र्याचं शांती आवेदना सदन हे हॉस्पिस १९८६ पासून आहे आणि पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून, तेही मोफत. पुण्यात जन्म गेला आमचा आणि माहीत नव्हतं!

निवृत्त_काका
मी आणि हिने लिव्हिंग विल केलं, म्हणजे पुढे आपल्याला सांगता आलं नाही तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत ते आधीच लिहून ठेवलं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मान्यता दिली पण तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जावं लागायचं, २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. बरं होण्याची आशा नसेल तर व्हेंटिलेटर नको, दुखणं कमी करणारं मात्र सगळं हवं, असं स्पष्ट लिहिलंय. आपल्या वतीने कोण बोलणार त्यांची नावंही घालायची. मुलगा म्हणाला बाबा काय हे अभद्र. मी म्हटलं, अरे आयसीयूच्या दारात तुला रात्री दोन वाजता सही मागतील, तेव्हा तू एकटा ठरवायला नकोस म्हणून हे. मग त्याने बसून वाचलं. फॅमिली डॉक्टरांकडे एक प्रत दिलीय.

आभा_न
सासूबाईंचं सगळं मी केलं, डायपर, बेडसोअरचं ड्रेसिंग, रात्रीची जाग. शेवटी शेवटी सुटावं आता असं वाटायचं आणि कुणी सुटावं, त्यांनी का मी, तेच कळायचं नाही. हे आजवर कुणाला बोलले नव्हते.

सावली
आभा, मी जाते त्यातल्या कितीतरी घरांत कुणीतरी मला स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात अगदी हेच सांगतं. याचा अर्थ तुमची माया कमी पडली असा मुळीच नाही. जे आत्ता करताहेत त्यांनी आठवड्यातून दोन रात्री तरी नणंद, दीर, ब्युरोची बाई, कुणालाही बसवा आणि झोपा.

डोंबिवलीकर
एक विचारायचं राहिलं, घरीच गेले तर दाखल्याचं कसं?

सावली
मृत्यूच्या कारणाचं सर्टिफिकेट पेशंटला आधीपासून बघणारे डॉक्टर देतात, घरच्या मृत्यूला त्याचा वेगळा फॉर्म असतो, ४ए. ते नसेल तर स्मशानात अडतं. म्हणून आत्ताच फॅमिली डॉक्टरांना घरी एकदा बोलवून ठेवा, रात्री याल का ते स्पष्ट विचारा, आधारकार्ड आणि फाइल एकाच पिशवीत ठेवा.