मदत हवी आहे: लॅपटॉप बॅगेत तापतो, परवा निघायचंय

घाईत_आहे
परवा पहाटे निघायचंय. लॅपटॉप बंद करून सॅकमध्ये ठेवतो, तासाभराने काढावा तर इस्त्रीसारखा तापलेला आणि बॅटरी निम्म्यावर. तिकडे पोचल्यावर लगेच काम आहे. हवा खेळती राहील अशी बॅग सुचवा. प्लीज लवकर.

बाराभानगडी
विंडोज की मॅक? कुठे चाललाय, विमानाने का? 'बंद करून' म्हणजे शट डाउन की नुसतं झाकण मिटवून?

चकटफू
लिनक्स टाका. असले प्रश्नच येत नाहीत.

कीबोर्डकाकू
बॅगेपेक्षा आत काय कोंबता ते बघा. चार्जरचा ठोकळा झाकणावर दाबून बसला की स्क्रीनला तडा जातो. माझ्या भाच्याचा तसाच गेला. चार्जर वेगळ्या कप्प्यात, आणि सॅक पाठीवर घेतल्यावर स्क्रीनची बाजू पाठीकडे.

घाईत_आहे
विंडोज. झाकण मिटवतो, अजून काय करायचं असतं? बॅगेचं सांगा ना.

बाराभानगडी
मग बॅगेचा काही दोष नाही. झाकण मिटवलं की मशीन फक्त झोपतं. हल्लीचे बरेच लॅपटॉप झोपेतही नेटला जोडलेले राहतात, मधेच जागे होऊन अपडेट उतरवतात. बंद सॅकमध्ये पंख्याला हवा मिळणार कुठून? कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, तिथे झाकण मिटल्यावर 'हायबरनेट' निवडा. उघडं काम डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं. नाहीतर सरळ शट डाउन.

चकटफू
किंवा लिनक्स.

जुनाजाणता
बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, अपडेट करा. माझं तापणं त्यानेच थांबलं. आणि विमानतळावर एक्स-रे मशीनमध्ये घालू नका, डिस्क खराब होते.

बाराभानगडी
जुनाजाणता, एक्स-रेने ना हार्ड डिस्क बिघडते ना एसएसडी. आणि निघायच्या तोंडावर कुणी बायोसला हात लावतं का? बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर आधी ते सस्पेंड, म्हणजे तात्पुरतं थांबवावं लागतं, नाहीतर रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायचा लांबलचक आकडा, मागत बसतं.

जुनाजाणता
आम्ही फ्लॉपीच्या काळापासून हेच करतोय. कधी काही झालं नाही.

बाराभानगडी
फ्लॉपीला बिटलॉकर नव्हतं, साहेब.

प्लगपुराण
चार्जरवर 'इनपुट 100-240 व्होल्ट, 50-60 हर्ट्झ' लिहिलंय ना? मग कुठल्याही देशात चालेल, फक्त पिनेचा अडॅप्टर घ्या. जड कन्व्हर्टर विकत घेऊ नका.

घाईत_आहे
प्लगचं विचारलंच नव्हतं. बायोस मघाशीच अपडेट केला. आता निळी स्क्रीन, 48 आकडे मागतेय. बिटलॉकर मी कधी चालू केलंच नाही!!

कीबोर्डकाकू
अगं बाई.

बाराभानगडी
मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या बऱ्याच मशीनवर ते आपोआप चालू झालेलं असतं. घाबरू नका, रीसेट तर अजिबात दाबू नका. फोनवरून त्याच खात्यात जा, रिकव्हरी की तिथेच सेव्ह असते. स्क्रीनवर 'की आयडी' दिसेल, त्याची पहिली आठ अक्षरं जुळवून त्यापुढची की टाका. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर की त्यांच्या आयटीकडे.

घाईत_आहे
स्वतःचा आहे. खातं ओटीपी मागतंय. थांबा.

घाईत_आहे
मिळाली! चालू झाला. हायबरनेटही लावलं.

बाराभानगडी
आता ती की कागदावर लिहून पाकिटात ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको. परदेशात सिम बंद असतं तर तो ओटीपी आला असता का? सिमशिवाय कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप आणि बॅकअप कोड आजच करून घ्या. डेटाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क दुसऱ्या सामानात. विमानाने की कसं, हे अजून सांगितलं नाहीतच.

घाईत_आहे
विमानच. पॉवर बँक चेक-इनमध्ये टाकू का? सॅक जड होतेय.

प्लगपुराण
नाही! पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या केबिनमध्येच. बॅटरीची क्षमता वॉट-अवरमध्ये लिहिलेली असते: 100 वॉट-अवरपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही, 100 ते 160 ला एअरलाइनची लागते, त्यापुढे प्रवाशाला नेताच येत नाही. तरी तुमच्या एअरलाइनचा नियम बघा, काही जास्त कडक असतात.

कीबोर्डकाकू
माझ्या पॉवर बँकेवर वॉट-अवर लिहिलेलंच नाही, नुसतं 20000 एमएएच आहे. चालेल का?

प्लगपुराण
20000 गुणिले 3.7 (आतल्या बॅटरीचे व्होल्ट), भागिले 1000. 74 वॉट-अवर. चालेल, पण आकडा पुसट झाला असेल तर तपासणीत अडवतात.

चकटफू
लिनक्सवाल्यांना पॉवर बँक लागतच नाही.