ओले अद्रक, सुंठ आणि बाळाचा खोकला

अ विंग, 302: सर्वांना नमस्कार. ग्रुपवर सकाळी आलेल्या संदेशात अद्रकाच्या काढ्याने श्वसनमार्गातील विषाणू मरतात, असे लिहिले आहे. ब विंगच्या काकूंनी अनेक वर्षे औषधनिर्माणशास्त्र शिकवले असल्यामुळे त्यांना विचारते. आमच्या सात महिन्यांच्या बाळाला कालपासून सर्दी-खोकला आहे. ओले अद्रक घरात नाही, तर सुंठ उगाळून मधातून चाटवू का?

ब विंग, 104: ताई, आधी मधाचे सांगते. एक वर्षाच्या आतील बाळाला मध बोटभरही चाटवू नका, कारण मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि एवढ्या लहान आतड्यात ते वाढून विष तयार करतात. सुंठ किंवा अद्रकाचा रसही बाळाला नको.

आता संदेशाविषयी. तो निराधार नाही, पण अर्धा आहे. तैवानमधील संशोधकांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अद्रकाचा अर्क आरएसव्ही या विषाणूवर तपासला होता, आणि लहान बाळांच्या छातीत घरघर निर्माण करणारा मुख्य विषाणू हाच आहे. ओल्या अद्रकाचा अर्क आधी दिला असता फुफ्फुसाच्या पेशींच्या थरात विषाणूने पाडलेले डाग, म्हणजे पेशी नष्ट झालेले ठिपके, सुमारे एक पंचमांशावर आले, कारण विषाणूला पेशीला चिकटणे आणि आत शिरणे अवघड झाले. सुंठीच्या अर्काने मात्र तसा परिणाम दाखवला नाही. अद्रक वाळताना त्यातील जिंजेरॉल या तिखट घटकाच्या रेणूतून पाणी निघून शोगाओल हा वेगळा घटक तयार होतो, म्हणजे ओला गड्डा मोडल्यावर हाताला लागणारा झणझणीत रस आणि बरणीतली पांढुरकी पूड रासायनिकदृष्ट्या एक नाहीत. मला या अभ्यासातील हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. परंतु हे सारे काचेच्या भांड्यातील पेशींवर घडले आहे. चहातून प्यायलेले अद्रक पोटात जाते, फुफ्फुसाच्या पेशींपर्यंत त्याच प्रमाणात पोहोचत नाही.

क विंग, 201: काकू, 2020 मध्ये आयुष मंत्रालयाने सांगितलेल्या काढ्यात तुळस, दालचिनी आणि मिऱ्यांसोबत सुंठच होती. मग आम्ही इतकी वर्षे घेतो आहोत, ते व्यर्थ गेले का?

ब विंग, 104: काका, व्यर्थ मुळीच नाही. सुंठीने घसा मोकळा वाटतो, मळमळ कमी होते आणि गरम पाणी पोटात जाते, हा मोठ्यांना लाभच आहे. फक्त काढा घेतला म्हणून विषाणूपासून संरक्षण झाले, असे समजू नये. आपण रक्त पातळ करणारी गोळी घेता, म्हणून रोज कपभर काढा घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा. चहात किसून घातलेल्या अद्रकाची काळजी करण्याचे कारण नाही, आणि कन्नड, फुलंब्रीच्या शेतातून येणाऱ्या ओल्या अद्रकाची आपल्या संभाजीनगरात वाणही नाही.

ताई, बाळ झोपलेले असताना झबले वर करा आणि पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजा. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बाळाचे श्वास मिनिटाला 50 किंवा अधिक असतील, बरगड्यांखालची त्वचा आत ओढली जात असेल, किंवा दूध सोडले असेल, तर उद्याची वाट पाहू नका.

अ विंग, 302: काकू, दोनदा मोजले. एकदा 56 आणि एकदा 54 आले, आणि बरगड्यांखाली खळगा पडतो आहे. हे ऑफिसात आहेत.

क विंग, 201: सूनबाई, मी गाडी फाटकापाशी आणतो. बाळाला उभे धरून खाली या.

ब विंग, 104: मीही येते. बाळाने शेवटचे दूध केव्हा घेतले आणि लंगोट केव्हा ओला केला, हे आठवून ठेवा, डॉक्टर तेच आधी विचारतील.