मदत हवी आहे: चेरी श्रिंपना अंडी येतात, पण पिल्लू एकही नाही

बिनपाण्याचा_मासा | शनिवार, रात्री १०:४२
दोन महिने झाले. १५ चेरी श्रिंप (गोड्या पाण्यातली शोभेची छोटी लाल कोळंबी) आणले होते, आता ९ उरलेत. माद्या अंडी धरतात आणि आठ-दहा दिवसांत अंडी गायब. दर रविवारी पाणी बदलतो आणि मंगळवार-बुधवारपर्यंत एखादा हमखास मेलेला सापडतो. टाकीत मासे नाहीत, सगळं नियमाप्रमाणे चालू आहे. बजेट संपलंय, पाचशेच्या वर एक रुपया घालणार नाही, त्यामुळे 'सॉइल घ्या', 'चिलर घ्या' कृपया नको. नक्की काय चुकतंय तेवढं सांगा. आणि जरा लवकर, एका मादीच्या पोटाखाली आत्ता परत अंडी आहेत आणि उद्या रविवार आहे.

शेवाळ_काका | रात्री १०:५८
"सगळं नियमाप्रमाणे" असं प्रत्येक जण लिहितो आणि मग तिसाव्या प्रतिसादात खरी गोष्ट बाहेर येते. म्हणून आधीच विचारतो. टाकी किती लिटरची? फिल्टर कुठला? पाणी नळाचं, बोअरचं की टँकरचं? एका वेळी किती बदलता? दुपारी तीनला पाण्याचं तापमान किती असतं? मेलेल्या श्रिंपच्या मानेपाशी पांढरं कडं दिसतं का?
आणि अंडी पोटाखाली आहेत की पाठीवर मानेमागे पिवळा डाग आहे? तो डाग म्हणजे सॅडल, अंडाशयातली अंडी. तो नाहीसा झाला तर रडायचं कारण नाही.

बिनपाण्याचा_मासा | रात्री ११:०३
पोटाखालीच आहेत. २० लिटर. स्पंज फिल्टर. पाणी फिल्टरचं, आम्ही पितो तेच, तेही २४ तास मुरवून. निम्मी टाकी बदलतो. तापमान मोजलेलं नाही. कडं दोघांना होतं बहुतेक. आता सांगा.

गप्पी_गँग | रात्री ११:०९
भाऊ, श्रिंपचा नाद सोडा, गप्पी ठेवा. १ नर, ३ माद्या, महिन्याभरात पिल्लं. पाणवनस्पती दाट ठेवली की आई खात नाही.

शेवाळ_काका | रात्री ११:१०
प्रश्न श्रिंपचा आहे.

टीडीएस_तात्या | रात्री ११:२६
"फिल्टरचं पाणी, आम्ही पितो तेच" म्हणजे आरओ. इथेच उत्तर आहे. आरओमधून कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळजवळ सगळं निघून जातं. श्रिंपला कात टाकल्यावर नवं कवच कडक करायला कॅल्शियम मुख्यतः पाण्यातून घ्यावं लागतं. ते नसेल तर जुनं कवच नीट फाटत नाही, मानेपाशी गोल चिरतं आणि जीव अडकून मरतो. पांढरं कडं ते हेच. वर तुम्ही निम्मं पाणी एकदम बदलता. अचानक पाणी पालटलं की श्रिंप वेळेआधी कात टाकतात, आणि अंडी चिकटलेली असतात कवचाला. कवच गेलं की अंडी गेली. रविवारी बदल, मंगळवारी मृत्यू, हिशेब जुळतो.

उपाय पाचशेत बसतो. २० लिटर आरओ पाण्याला: जिप्सम २.८ ग्रॅम, एप्सम सॉल्ट १.३ ग्रॅम, खायचा सोडा १.२ ग्रॅम. यातून जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा) साधारण ६ आणि केएच (कार्बोनेटचं प्रमाण) २ मिळतो, टीडीएस मीटर (विरघळलेले एकूण क्षार मोजणारा) १७०-१९० दाखवेल. जिप्सम आणि एप्सम खत-बियाण्याच्या दुकानात किलोने मिळतात. जिप्सम सहज विरघळत नाही. एक लिटरच्या बाटलीत घालून अर्धा तास अधूनमधून हलवा, मगच बादलीत ओता. बादलीच्या तळाला पांढरा गाळ दिसतोय तोवर टाकीत घालू नका. वजनाला सोनाराचा छोटा काटा लागतो. चमच्याने मोजलंत तर परत इथेच धागा काढाल.

बोअरचं_पाणी | रात्री ११:४०
कशाला हा मीठमसाला? आमच्याकडे संभाजीनगरला बोअरचं पाणी, टीडीएस ६५०, काही न घालता पिल्लांनी टाकी भरलीय. समुद्रफेसाचा बोटभर तुकडा टाका, पक्ष्यांच्या दुकानात वीस रुपयांत मिळतो. झालं कॅल्शियम.

टीडीएस_तात्या | रात्री ११:५१
६५० टीडीएसच्या पाण्यात समुद्रफेस टाकणं म्हणजे समुद्रात मीठ टाकणं. तुमच्याकडे कॅल्शियम आधीच भरपूर आहे, तो तुकडा नुसता शोभेला आहे. समुद्रफेस म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, पीएच साडेसातच्या वर गेला की विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. आरओच्या पाण्यात विरघळेल, पण किती आणि कधी ते आपल्या हातात नाही, आणि मॅग्नेशियम त्यातून मिळत नाही.

बोअरचं_पाणी | रात्री ११:५५
तुमच्या ग्रॅमच्या हिशेबापेक्षा आमची पिल्लं बोलतात.

मॉसवाली | रविवार, सकाळी ७:१२
सुप्रभात. कॅल्शियमचं तात्यांचं बरोबर आहे, पण त्यावर थांबू नका. बिनपाण्याचा_मासा, तीन गोष्टी राहिल्यात. एक, मे महिना आहे. पाणी ३० च्या वर गेलं की विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो आणि अंडीवाल्या मादीला तो जास्त लागतो, कारण अंड्यांवरून सतत पाणी खेळवावं लागतं. दोन, त्या खोलीत डासांचं लिक्विड मशीन लावता का? त्यातली पायरेथ्रॉइड कोळंबी-खेकड्यांना अतिशय घातक, आणि एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. सोसायटीत औषधफवारणी असेल तेव्हाही पंप बंद करून टाकी झाकायची. तीन, पाणी "मुरवता" ते कशात? बादलीत? ती फरशी पुसायची बादली नाही ना?

बिनपाण्याचा_मासा | सकाळी ९:३०
मशीन बेडरूममध्ये, टाकी हॉलमध्ये. बादलीत नाही हो ताई, हंड्यात. स्वच्छ असतो, रोज घासतो.
आरओवाल्या पोराकडून मीटर आणलाय. आरओ १४, हंड्यातलं १६, टाकीतलं ५२. दोनच आकड्यांचा फरक म्हणजे हंड्यात काही गडबड नाही. तात्यांचंच बरोबर दिसतंय. घालू का जिप्सम?

मॉसवाली | सकाळी ९:३४
थांबा. कसला हंडा?

बिनपाण्याचा_मासा | सकाळी ९:३६
तांब्याचा. आजीचा आहे. त्यातलं पाणी आरोग्याला चांगलं असतं, आम्ही सगळे तेच पितो.

शेवाळ_काका | सकाळी ९:४१
तिसावा नाही, बारावा प्रतिसाद. प्रगती आहे.
अहो, तांबं माणसाला चांगलं असेल नसेल, श्रिंपला विष आहे. शेवाळ आणि गोगलगायी मारायच्या औषधांत कॉपर सल्फेट असतं ते उगाच नाही.

बोअरचं_पाणी | सकाळी ९:५२
हे जरा अति होतंय. आमच्याकडेही पिण्याचं पाणी तांब्याच्या कळशीतच असतं, बाष्पीभवनाने पातळी उतरली की तेच ओततो. काही होत नाही. आणि श्रिंपच्या रक्तातच तांबं असतं, त्यांच्या खाद्याच्या डब्यावर कॉपर सल्फेट लिहिलेलं असतं, ते नाही का वाचलं?

मॉसवाली | सकाळी १०:२०
दोन्ही खरं आहे आणि दोन्हीला उत्तरही आहे.
श्रिंपच्या रक्तात हिमोसायनिन असतं, त्यात तांबं असतं, म्हणून खाद्यातून कणभर लागतंच. ते पचनातून जातं. पाण्यात विरघळलेलं तांबं थेट कल्ल्यांवर बसतं आणि शरीरातल्या क्षारांचा तोल बिघडवतं. कल्ल्यांवर त्याच जागांसाठी कॅल्शियमही भांडत असतं. पाणी जड असेल तर कॅल्शियम जागा धरून ठेवतं, शिवाय कार्बोनेट बऱ्याच तांब्याला बांधून टाकतात. म्हणून तुमच्या ६५० टीडीएसमध्ये कळशी खपून जाते. यांच्या पाण्यात कॅल्शियम नाही, केएच नाही. असं मऊ, किंचित आम्लधर्मी आरओ पाणी तांब्याच्या भांड्यातून तांबं ओढतंही जास्त, आणि त्या पाण्यात ते बाधतंही जास्त. तेव्हा "कॅल्शियम की तांबं" हा वादच नाही, एकाने दुसऱ्याचा जोर वाढवलाय.

आणि "रोज घासतो" हे वाचून धस्स झालं. कशाने? चिंच, लिंबू, पावडर काहीही असो, भांड्यावरचा काळपट थर निघतो. तो थरच तांब्याला थोडाफार अडवत असतो. चकचकीत हंडा सगळ्यात वाईट.

टीडीएस_तात्या | सकाळी १०:३३
पटलं. यात एक भर घालतो. टीडीएस मीटर तांबं दाखवत नाही. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात तांब्याची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, दुसरं पाणी उपलब्ध नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. श्रिंपला त्रास होतो तो एक मिलिग्रॅमच्या खूप खाली. मीटर १४ चे १६ दाखवतो त्यातून काहीच कळत नाही. शिवाय उन्हाळ्यात उडालेल्या पाण्याची भर रोज हंड्यातून घालत असाल तर पाणी उडतं, तांबं टाकीतच राहतं. साठत जातं.
गंमत म्हणजे ते मुरवणंच फुकट होतं. आरओच्या कार्बनमध्ये क्लोरीन आधीच निघून गेलेलं असतं.

बिनपाण्याचा_मासा | सकाळी १०:३८
हो, भर रोज हंड्यातूनच घालतो. ठीक आहे, हंडा बंद. आता अख्खं पाणी बदलू का आज?

शेवाळ_काका | सकाळी १०:४०
बदला. विष आहे म्हटल्यावर वाट कशाची बघायची? ७० टक्के काढा.

टीडीएस_तात्या | सकाळी १०:४४
अजिबात नको! ५२ वरून एकदम १८० वर नेलंत तर ती अंडीवाली मादी रात्रीतून कात टाकेल. विषाने नाही मेली तर धक्क्याने मरेल. रोज एक लिटर, चौदा दिवस, तेवढ्यात निम्मं पाणी नवं होतं.

शेवाळ_काका | सकाळी १०:४७
आणि चौदा दिवस तिने तांब्यात बसायचं?

मॉसवाली | सकाळी ११:०५
भांडू नका, मधला रस्ता आहे. धक्का बसतो तो नव्या पाण्याचा नाही, फरकाचा. आज सहा लिटर आरओ प्लास्टिकच्या बादलीत थेट नळीतून घ्या. त्यात तात्यांच्या प्रमाणातलं तयार पाणी थोडं थोडं मिसळत मीटर ५२ वर आणा. बादली टाकीशेजारी तासभर ठेवून तापमान जुळू द्या. मग सहा लिटर काढून हे सहा लिटर थेंबाथेंबाने सोडा. तांबं ३० टक्के कमी, टीडीएस तिथल्या तिथे. उद्यापासून रोज एक लिटर १८० वालं.

थेंबांसाठी मेडिकलमधून सलाईनचा सेट आणा, फार महाग नसतो. सुई फेकून द्या, नळीचं एक टोक बादलीत, बादली टाकीपेक्षा उंच, ओढून पाणी सुरू करा आणि चाकाने सेकंदाला तीन थेंबांवर आणा. सहा लिटरला दहा-बारा तास लागतात, लागू द्या. एअर पंपच्या नळीला गाठ मारूनही होतं, पण गाठ सैल होऊन बादली भसकन रिकामी होते.

शिवाय ॲक्टिव्हेटेड कार्बन २०-२५ ग्रॅम, धुऊन जुन्या पायमोज्यात बांधून स्पंजच्या बुडबुड्यांजवळ ठेवा, तीन आठवड्यांनी फेका. आणि देशी बदामाचं एक वाळलेलं, स्वतःहून गळलेलं पान, दहा मिनिटं उकळून. पाण्यात तपकिरी रंग उतरतो तो तांब्याला धरून ठेवतो, आणि पानावर जो बुळबुळीत थर येतो तेच पिल्लांचं पहिलं जेवण. फवारणी होते अशा बागेतलं पान नको.

बिनपाण्याचा_मासा | सकाळी ११:१२
एवढं सगळं? बरं. तापमान आत्ता मोजलं, २९.

शेवाळ_काका | सकाळी ११:१५
सकाळी २९ म्हणजे तीनला ३१. झाकण काढून जाळी लावा आणि टेबल फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडा, दोन-तीन अंश उतरतं. पुण्या-नाशिकला छान चालतं, मुंबईच्या दमट हवेत कमी. पाणी भराभर उडेल, त्याची भर फक्त साध्या आरओची, क्षारवालं पाणी नाही, नाहीतर टीडीएस चढत राहील.

गप्पी_गँग | सकाळी ११:३१
यांचा जवळा करता येतो का? 😄

मॉसवाली | सकाळी ११:३४
जवळा समुद्रातला, वेगळा जीव. आणि तीन सेंटीमीटरच्या नऊ श्रिंपमध्ये एक घासही भरणार नाही.

नीळकंठ_टँक | दुपारी १२:०२
माझाही प्रश्न इथेच विचारतो. लाल आणि निळे एकत्र ठेवले तर जांभळे होतील का?

टीडीएस_तात्या | दुपारी १२:०९
नाही. दोन्ही एकाच जातीचे, निवड करून रंग आणलेले. एकत्र केलेत की एक-दोन पिढ्यांत मातकट, पारदर्शक पिल्लं. एक टाकी, एक रंग. वेगळा धागा काढा.

बिनपाण्याचा_मासा | रात्री ९:२०
सलाईन चालू आहे, चार लिटर गेलं. हंडा आईने परत स्वयंपाकघरात नेला. मादी जावामॉसवर (पाणवनस्पतीवर) बसून आहे. अंड्यांत काळे ठिपके दिसतायत, बुरशी का?

मॉसवाली | रात्री ९:२८
प्रत्येक अंड्यात दोन-दोन ठिपके आणि अंडं पारदर्शक? ते पिल्लांचे डोळे आहेत. आठवड्याभरात फुटतील. बुरशी असती तर अंडं पांढरं, कापसासारखं झालं असतं.
खाद्य अर्धं करा. स्पंज आठवडाभर पिळू नका, पिल्लं त्यावरच बसतात. नंतर पिळाल तेही टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, बादली रिकामी करण्याआधी तळ नीट बघून. पिल्लू दोन मिलिमीटरचं, काचेसारखं, हुबेहूब आईसारखं असतं. दिवसा दिसणार नाही. रात्री लाइट बंद करून मोबाइलचा टॉर्च बाजूने मारा, मॉसच्या मुळाशी.

बिनपाण्याचा_मासा | रात्री ९:३१
आठवडाभर?

गप्पी_गँग | रात्री ९:३३
म्हणून म्हणत होतो, गप्पी.