गोल्डफिशच्या टाकीचं पाणी किती दिवसांनी बदलावं?

काचपेटी: टाकी २ × १ × १ फूट, ४ गोल्डफिश, स्पंज फिल्टर, तळाला दीड इंच खडी. दर महिन्याला सगळं पाणी काढून, खडी आणि स्पंज नळाखाली धुऊन थेट नळाचं पाणी भरतो. दोन-तीन दिवसांत पाणी दुधाळ होतं, मासे वर येऊन धापा टाकतात. महिन्याऐवजी पंधरवड्याने बदलू का?

शेवाळी: आधी पद्धत बदला, दिवसांचं नंतर बघू. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सतत अमोनिया सुटतो. त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजला आणि खडीला चिकटून वाढतात. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यात दोन्ही धुतलं की ते मरतात. मग अमोनिया साठतो, आणि मोकळ्या पाण्यात दुसऱ्याच जिवाणूंची वाढ होऊन पाणी पांढरं दिसतं. तशात क्लोरीन कल्ले जाळतं. धापा टाकण्याचं कारण हेच.

तुमच्या टाकीत प्रत्यक्षात साधारण ४५ लिटर पाणी असेल. दर आठवड्याला १५ लिटरची एक बादली काढा, तेवढंच भरा. मासे टाकीतच राहू द्या. सायफनच्या नळीचं तोंड खडीत खुपसत न्या, म्हणजे घाण वर खेचली जाईल. एका वेळी खडीचा निम्माच भाग घ्या, उरलेला पुढच्या आठवड्यात. स्पंज महिन्यातून एकदा, काढलेल्या त्याच पाण्यात दोन-तीनदा पिळायचा. तो तपकिरी राहिला तरी चालतो, किंबहुना तसाच राहायला हवा.

नवं पाणी बादलीत २४ तास उघडं ठेवून त्यात एअरस्टोन (पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा दगड) सोडला तर क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर अँटीक्लोरीनचे थेंब बाटलीवरच्या मापाने टाका, पण पाणी टाकीत ओतण्याआधी. तापमानात दोन अंशांहून जास्त फरक नको.

नायट्रेट४०: ४५ पैकी १५ लिटर, म्हणजे ३३ टक्के, बदलल्याने काय होतं ते सांगतो. समजा टाकीत आठवड्याला १५ पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत १५ भाग) नायट्रेट तयार होतं आणि नळाच्या पाण्यात ते नाही. दर आठवड्याला एकतृतीयांश पाणी बदललं तर काही आठवड्यांनी पातळी बदलाआधी ४५ आणि नंतर ३० वर स्थिरावते. निम्मं बदललं तर ३० आणि १५. म्हणून टेस्ट किट घ्या, बदलाआधी मोजा. ४० च्या वर जात असेल तर बदल निम्म्यावर न्या किंवा खाणं कमी करा. आणि खरं सांगायचं तर ४५ लिटरमध्ये ४ गोल्डफिश जास्तच आहेत. ते वाढतील तसं कितीही पाणी बदललं तरी पुरणार नाही, मोठी टाकी लागेलच.

बोअरवाला: माझ्याकडे बोअरचं पाणी, क्लोरीनचा प्रश्न नाही. वर्षभर पाणी बदललेलं नाही, उडून कमी झालं की फक्त भर घालतो. मासे ठीक दिसतात. आता एकदम निम्मं बदललं तर?

शेवाळी: अजिबात नको! उडते ती वाफ. क्षार आणि नायट्रेट टाकीतच उरतात, त्यात बोअरच्या प्रत्येक भरीने क्षारांची आणखी भर. दुसरीकडे नायट्रेट तयार होताना आम्ल सुटतं, ते पाण्यातले कार्बोनेट खातं. बोअरच्या भरीतून ते काही प्रमाणात परत येतात, तरी जुन्या टाकीत पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं पाणी जास्त आम्ल) उतरलेला असू शकतो. पीएच ६.५ च्या खाली असेल तर बहुतेक अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो आणि तितका बाधत नाही. त्यात ८ पीएचचं पाणी भसकन ओतलं की तेच अमोनियम विषारी अमोनिया होतं, आणि मासे तासाभरातही जाऊ शकतात. आधी टाकीचा आणि बोअरचा पीएच मोजा. फरक असेल तर दर दोन दिवसांनी फक्त १० टक्के बदला, दोन्ही जुळेपर्यंत. या काळात खाणं निम्मं करा, हवेचा पंप दिवसरात्र चालू ठेवा. हीटर असेल तर पाणी काढण्याआधी बंद करा, त्याची तापलेली काच पाण्याबाहेर उघडी पडली की तडकते.