मदत हवी आहे: 'पंच' हा शब्द आपला की त्यांचा?

मंडळी नमस्कार, मराठी भाषा दिनाला आमच्या सोसायटीत प्रश्नमंजुषा आहे आणि प्रश्न काढायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. 'आपल्याकडून इंग्रजीत गेलेले शब्द' अशी एक फेरी ठेवलीय, त्यात शाम्पू, बंगला वगैरे नेहमीचे यशस्वी आहेतच, पण मला त्यात 'पंच' घालायचाय, म्हणजे पार्टीत मोठ्या भांड्यात करतात ते पेय, फ्रूट पंच वगैरे. तर समितीतले एक काका म्हणाले की पंच म्हणजे ठोसा, तो अस्सल इंग्रजी, काढून टाका.

म्हणून डिक्शनरी उघडली तर तिथे एक पंच नाही, पंचांची अख्खी पंचायत बसलीय. भोक पाडायचा पंच आणि बॉक्सिंगचा पंच हे एकाच घरातले, मूळ लॅटिन, अर्थ टोचणे, जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले आणि आपलं टायरचं पंक्चर त्यांचंच भावंड. आधी एसटीत कंडक्टर तिकिटाला भोक पाडायचा तो पंच पण हाच. मग लंडनचं ते पंच नावाचं १८४१ चं विनोदी साप्ताहिक, ते कठपुतळीवरून. इटलीत नेपल्सकडच्या नाटकांतलं पुल्चिनेल्ला नावाचं पात्र इंग्लंडला पोचलं, लोकांनी नाव कापून पंच केलं. गंमत म्हणजे तो बाहुला खेळभर दिसेल त्याला दांडक्याने बडवत असतो, पण नावाचा ठोशाशी काही संबंध नाही! १६६२ मध्ये सॅम्युएल पेप्स या प्रसिद्ध इंग्रज डायरीकाराने लंडनला कॉव्हेंट गार्डनमध्ये हा इटालियन खेळ पाहिल्याचं डायरीत लिहिलंय. (आपले क्रिकेटचे पंच या भानगडीत नाहीत, ते सरळ पाच जणांच्या पंचांतले. तरी बॉक्सिंगच्या बातमीत 'पंचांनी पंच मोजले' आलं की डोकं फिरतं.)

राहिलं पेय. ते 'पाच'वरून म्हणतात, कारण पाच वस्तू: अरक (म्हणजे इकडची गाळलेली दारू), साखर, लिंबू, मसाला, पाणी. पंचामृताचा खट्याळ चुलतभाऊच म्हणा. पण डिक्शनरीत पुढे 'कदाचित' लिहिलंय. तो कदाचित किती मोठा आहे ते कुणी सांगेल का? स्पर्धेत भांडणं नकोत.

प्रतिसाद: बिनधास्त घ्या हो. डॉ. जॉन फ्रायर म्हणून ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर होता, १६७० च्या दशकात सुरत, मुंबई, गोवा सगळं फिरला, पुस्तक १६९८ ला आलं. त्यात त्याने स्पष्ट लिहिलंय की गोव्याकडच्या नेरूळला सगळ्यात भारी अरक बनतो (नवी मुंबईवाल्यांनी खूश होऊ नये), त्याचं इकडचे इंग्रज एक पेय करतात, त्याला पंच म्हणतात, आणि हिंदुस्थानी भाषेत पंच म्हणजे पाच. अजून काय पुरावा पाहिजे?

प्रतिसाद: वरच्या दादांशी अर्धा सहमत. फ्रायर उशिरा आला. शब्द त्याच्या आधीच चालू होता, १६३२ मध्ये आंध्र किनाऱ्यावरच्या पेटापोलीतल्या कंपनीच्या एका व्यापाऱ्याला आलेल्या पत्रात पंच पिण्याचा उल्लेख आहे. आणि १६३८ ला मँडेल्स्लो नावाचा जर्मन सुरतेला आला, त्याने जे 'पालेपुंट्झ' लिहून ठेवलंय त्यात दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर, मोजा, चारच होतात! ते नाव म्हणजे बहुतेक 'बोल ऑफ पंच', त्याच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. दुसरी अडचण उच्चाराची. तेव्हाचे इंग्रज त्या शब्दात 'पुट'मधला उ म्हणायचे, म्हणजे 'पुंच' असं काहीसं, आणि आपला 'पंच' ऐकून कुणी पुंच कशाला म्हणेल? म्हणून काहींचं म्हणणं असं की जहाजावर पंचन नावाचं मोठं पिंप असायचं, खलाशांनी त्याचंच नाव तोडून घेतलं. माझं वैयक्तिक मत पाचच्याच बाजूने आहे, कारण पेय जन्मलं इथल्या किनाऱ्यावर, अरक इथला, लिंबू इथलं. पण छातीठोकपणे 'मराठीतून' असं लिहू नका, पंच हिंदीत आहे, गुजरातीत आहे, संस्कृतात तर आहेच.

धागाकर्ता: दोघांचे खूप आभार, काकांना फ्रायर दाखवला तर ते जरा नरमले, पण चार वस्तूंचं वाचून परत उसळले. आता प्रश्न असा फिरवलाय: 'गोव्याच्या अरकापासून होणाऱ्या कोणत्या पेयाचं नाव पाच या आकड्यावरून पडलं, असं फ्रायरने लिहिलं?' यात भांडायला जागा राहत नाही ना? आणि उत्तर 'पुंच' असं लिहिलं तर अर्धा मार्क द्यायचा का, ते पण सांगा, उद्या छापायला द्यायचंय.