मेट्रो परवडायला शहर किती मोठं हवं?

डोंबिवलीकर: २० लाख लोकसंख्या झाली की मेट्रो द्यावी, असं वाचतो. मग फ्रान्समधल्या रेनला, जेमतेम २ लाखांच्या गावाला, २००२ पासून मेट्रो कशी परवडते?

रूळकरी: शहराची लोकसंख्या सोडा. गर्दीच्या तासात, एका दिशेने, एकाच मार्गावर किती माणसं जातात ते धरा. हिशेब सरळ आहे. वर्सोवा-घाटकोपरच्या ४ डब्यांच्या गाडीत साधारण १,५०० माणसं मावतात. दर ४ मिनिटांनी सोडली तर तासाला १५ गाड्या, म्हणजे २२,५००. मागणी ५-६ हजारच असेल तर बस पुरते. रेनने गाडीच छोटी ठेवली: २ डबे, २६ मीटर, चालक नाही. फलाट आखूड, त्यामुळे स्थानकाचं खोदकाम कमी, आणि खरा पैसा तिथेच जातो. गाडी छोटी असली तरी फेऱ्या भरपूर, म्हणून वाट बघावी लागत नाही.

चाळकरी: मार्ग कशाला जोडतो तेही बघा. ही वर्सोवा-घाटकोपर, म्हणजे मुंबईची मेट्रो १, फक्त ११.४ किमी, तरी गच्च, कारण ती पश्चिम आणि मध्य रेल्वेला आडवी जोडते. जयपूर ३० लाखांचं, पण २०१५ला मानसरोवर-चांदपोल एवढाच तुकडा सुरू झाला. पुढे जायला पुन्हा रिक्षा, मग लोक दुचाकीच काढणार.

डोंबिवलीकर: मग नाशिकचं काय?

रूळकरी: २०१७च्या मेट्रो धोरणानुसार आधी बीआरटी (बससाठी राखीव मार्गिका), ट्राम वगैरे पर्याय तपासावे लागतात, शिवाय आर्थिक परतावा (नुसता तिकिटांचा नफा नव्हे, समाजाचा एकूण फायदा धरून) किमान १४ टक्के दाखवावा लागतो. नाशिकसाठी कमी खर्चाची, रबरी टायरची निओ मेट्रो सुचवली गेली ती म्हणूनच.